जुन्या जावाची बखर

दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आली की मराठी घरातला माळा खाली उतरतो. कान तुटलेली चिनी मातीची बरणी, किल्ली हरवलेले घड्याळ, दोनच चाके उरलेली तीनचाकी सायकल, वाती संपलेला स्टोव्ह अशी मंडळी वर्षातून एकदा सूर्यप्रकाश पाहतात. त्यांतली काही पुन्हा माळ्यावर जातात आणि काही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. कोणी कोठे जायचे याचा निवाडा घरची गृहिणी उभ्या उभ्या करते. पण तिला कोणी इतिहासकार म्हणत नाही. वास्तविक इतिहासकाराचे काम याहून फारसे निराळे नसते. मागे उरलेल्या वस्तूंतून काय ठेवावे, काय टाकावे आणि जे ठेवले ते का ठेवले, एवढेच त्यालाही सांगायचे असते.

श्रीमंतांच्या वस्तूंना हा प्रश्न फारसा सतावीत नाही. संस्थानिकांच्या मोटारी संग्रहालयात जातात, त्यांच्या मिरवणुका निघतात, त्यांच्यावर गुळगुळीत कागदाची पुस्तके छापली जातात. पण ज्या यंत्रावर बसून गावचा दूधवाला डेअरी गाठीत होता, कंपाउंडर औषधे आणीत होता, नवी नवरी पदर सावरीत सासरी येत होती, त्या स्वस्त फटफटीला बखरकार मिळत नाही. तिची बखर तिच्याच अंगावर लिहिलेली असते, आणि ती वाचायची तर तिला सुटी करावी लागते. अशी एक जुनी जावा मोटारसायकल मी सुटी केली, पुन्हा जोडली आणि रस्त्यावर आणली. त्या उद्योगात जे वाचायला मिळाले, तेच येथे सांगणार आहे.

ही गाडी मला २०११ साली वाई तालुक्यातल्या एका खेड्यात नऊ हजार रुपयांना मिळाली. नोंदणीपुस्तकात तिचे साल १९६६ होते. गोठ्याच्या पडवीत, वैरणीच्या आडोशाला ती अकरा वर्षे उभी होती. टायर जमिनीला चिकटले होते, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि किक दाबू गेल्यास ती दगडासारखी घट्ट होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन अडकवण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची एक चौकट बोल्टांनी आवळलेली होती. तिच्या घासण्याने मडगार्डाचा रंग जाऊन पत्रा आरशासारखा झाला होता. गाडीचे मालक सत्तरी ओलांडलेले. पैसे मोजून घेण्याआधी त्यांनी एकच अट घातली. "चालू करनार आसाल तर न्या. निस्ती पुसूनपासून दारात उभी करायची आसंल, तर माझ्या दारात काय वाईट हाय?" ही अट मी तेव्हा सहज मान्य केली. तिचे वजन पुढे कळत गेले.

जावा या नावाची आपल्याकडे थोडी गंमत झाली आहे. जावा-जावा आणि उभा दावा ही म्हण ज्या भाषेत आहे, त्या भाषेत हे नाव कानाला घरचेच वाटावे यात नवल नाही. कोणाला ते इंडोनेशियातल्या बेटावरून आले असे वाटते. खरा प्रकार निराळा आहे. प्राग शहरात फ्रान्तिशेक यानेचेक नावाचे एक इंजिनियर होते. जन्म १८७८चा. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी शस्त्रास्त्रांचा कारखाना काढला. युद्ध संपले की शस्त्रांचे गिऱ्हाईक कमी होते. तेव्हा त्याच यंत्रांवर दुसरे काही तरी करावे म्हणून १९२९ साली त्यांनी वांडरर या जर्मन कंपनीकडून तिच्या मोटारसायकलीचे हक्क विकत घेतले. यानेचेकमधला ‘या’ आणि वांडररमधला ‘वा’ जोडून नाव झाले ‘यावा’. रोमन लिपीतले ज्याचे अक्षर चेक लोक ‘य’ असे वाचतात आणि आपण ‘ज’ असे वाचतो. म्हणून तिकडची यावा ती आपली जावा.

यानेचेक यांची पहिली गाडी पाचशे घन सेंटिमीटरची, भारदस्त आणि महाग होती. मागचे चाक साखळीऐवजी दांड्याने फिरत असे. ती बाजारात आली तेच जगावर मंदीचे सावट पडले. महाग गाडी घेणार कोण? तेव्हा यानेचेक यांनी जॉर्ज पॅचेट या इंग्रज अभियंत्याला हाताशी धरले आणि १९३२ साली विलियर्स पद्धतीचे लहान इंजिन बसवलेली १७५ची स्वस्त गाडी काढली. या गाडीने कारखाना तारला. १९४६पर्यंत अशा सत्तावीस हजारांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. कंपनीचे नाव मोठे झाले ते मोठ्या गाडीने नव्हे, कारकुनाला आणि शेतकऱ्याला परवडणाऱ्या गाडीने. ही गोष्ट मला विशेष ध्यानात ठेवण्याजोगी वाटते.

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले आणि चेक भूमीवर जर्मनांचा अंमल बसला. कारखाना जर्मन लष्कराच्या कामाला जुंपला गेला. १९४१ साली यानेचेक वारले. परंतु त्यांचे अभियंते पहाऱ्याखाली काम करीत असताना गुपचूप युद्धानंतरची गाडी आखीत होते. नमुन्याच्या गाड्या रस्त्यावर पारखून पाहायच्या तर त्यांना डी.के.डब्ल्यू. या जर्मन गाडीचे सोंग द्यावे लागे. आपले राज्य नाही, उद्या काय होईल ठाऊक नाही, पकडले गेलो तर गय नाही; आणि अशा वेळी ही माणसे शांततेच्या दिवसांत साध्या माणसाला कोणती गाडी लागेल याचा विचार करीत होती! १९४६ साली ही २५०ची गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि तिने सुवर्णपदक मिळवले. मागच्या चाकाला स्प्रिंगा असल्यामुळे लोकांनी तिला ‘पेराक’, म्हणजे स्प्रिंगवाला, असे नाव दिले. हे नाव एका आख्यायिकेतले होते. पायाला स्प्रिंगा बांधून घरांवरून उड्या मारणारा आणि जर्मन शिपायांच्या हाती न लागणारा एक अद्‌भुत पुरुष पारतंत्र्यातल्या प्रागमध्ये लोकांच्या तोंडी होता. १९४६ साली त्याच्यावर एक हलत्या चित्रांचा पटही निघाला. माझ्या गोठ्यातल्या गाडीचे कुळ असे या स्प्रिंगवाल्यापर्यंत पोचते.

ही गाडी आपल्याकडे कशी आली, हेही पाहण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर परकीय चलन जपून वापरण्याचे धोरण आले आणि तयार गाड्यांच्या आयातीवर बंधने पडली. बाहेरची गाडी हवी असेल तर ती येथे बनवा, असा सरकारचा रोख होता. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनीने बुलेट जोडायला आरंभ केला. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजांनी इटलीच्या व्हेस्पाचा कारखाना उभारला. फरिदाबादला एस्कॉर्ट्‌सने पोलंडच्या गाडीवरून राजदूत काढली. आणि रुस्तम इराणी व फारोख इराणी यांनी १९६० साली म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी स्थापन केली. म्हैसूरचे महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचा या कारखान्याला पाठिंबा होता. १९६१पासून तेथून जावा बाहेर पडू लागली.

त्या काळात चेकोस्लोव्हाकियाशी आपला व्यापार रुपयांत चालत असे, त्यामुळे डॉलरची चणचण तेथे आड येत नव्हती. पुढे पिंजोरला एच.एम.टी.ने जो झेटर ट्रॅक्टर काढला, तोही चेकच. बाटाचे जोडे तर त्याही आधीपासून आपल्या पायांत आहेत. ते घराणे मूळचे चेक देशातल्या झ्लीन गावचे. पायात बाटा, शेतात झेटर आणि दारात जावा असा एखादा महाराष्ट्रीय शेतकरी प्रागचे नावही न ऐकता अर्धा चेक झालेला होता!

आता गाडीकडे वळतो. पुण्यात नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. तेथून जवळच्याच एका बोळात एका वृद्ध मिस्त्रींचे गॅरेज होते. दहाव्या वर्षी पोऱ्या म्हणून हातात पाना घेतलेले हे गृहस्थ. गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टाकीवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, हिला कोणी मारलेली नाही. ही नुसती थांबली आहे." घाई करायची नाही, असा त्यांचा नेम होता. पिस्टनच्या माथ्यावर ऑईल सोडून त्यांनी गाडी आठ दिवस तशीच ठेवली. नवव्या दिवशी किक हलली.

मग इंजिन उघडले. या इंजिनाचा साधेपणा पाहून मला आश्चर्य वाटले. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारे दांडे नाहीत, त्यांना फिरवणारी साखळी नाही. पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक ही तीनच मुख्य हलती माणसे. पिस्टनच वर-खाली होताना सिलेंडरच्या भिंतीतल्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या बंद पेटीत शिरते; पिस्टन खाली येताना ते दाबले जाते आणि खिडकीतून वर जाऊन पेटते. म्हणून या पेटीला कोठेही फट चालत नाही. तेथली रबरी ऑईल सीले कडक झाली की इंजिनाचा दम जातो. घरोघरीच्या सुगरणींना हे अधिक चांगले समजेल: प्रेशर कुकरची रबरी रिंग म्हातारी झाली की डाळ शिजत नाही, तोच हा प्रकार. इंजिन दगडासारखे वाटत असले तरी निम्मा आजार या दोन-चार रुपयांच्या मालाचा असतो.

बखरीचे पहिले पान सापडले ते पिस्टनच्या माथ्यावर. या गाडीच्या सिलेंडरचा व्यास नवेपणी ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. त्यातून सुमारे २४९ घन सेंटिमीटरचा पोट-आकार आणि बारा अश्वशक्ती निघते. सिलेंडर झिजला की तो पाव मिलिमीटरने मोठा कातून घ्यायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा, अशी रीत. माझ्या पिस्टनवर ६५.७५ हा आकडा होता. म्हणजे हे सिलेंडर तीनदा कातले गेले होते. तीनदा गाडी थकली, तीनदा कोणीतरी पैसे जमवले, तीनदा ती पुन्हा उभी राहिली. मालकांना फोन करून विचारले तेव्हा त्यांनी बोटे मोजावीत तशी ती तिन्ही साले सांगितली. पहिले काम १९७२च्या दुष्काळानंतरचे, दुसरे थोरल्या मुलीच्या लग्नाआधीचे, तिसरे म्हैस विकून केलेले. कंपनीच्या दप्तरात यातले काही नसेल. ते पिस्टनवर होते.

दुसरे पान रंगाचे. वरचा थर निळा होता, त्याखाली काळा, त्याखाली जावाचा तो मूळचा गडद तांबडा. काळा थर कधीचा, हे सांगणे कठीण नव्हते. १९७३ साली चेक कंपनीशी असलेला करार संपल्यावर म्हैसूरच्या गाडीने नाव बदलले आणि ती येझदी झाली. हे नाव इराणातल्या यज्द शहराचे. मुंबई-पुण्याच्या चहाच्या दुकानांमुळे आपल्याला परिचित झालेल्या इराणी मंडळींपैकी कितीतरी घराणी त्या बाजूची. तेव्हा मालकांनी गाडीला आपल्या मूळ गावाचे नाव दिले असे म्हणायला हरकत नाही. येझदी आली तशी जुन्या जावाला येझदीचे भाग लावून तिला नवी दिसवण्याची हौसही आली. माझ्या गाडीचे पुढचे चाक जावाचे होते आणि हँडल येझदीचे. क्लचमधल्या प्लेटा मात्र जुन्या, बुचाच्या तुकड्यांच्या होत्या.

या गाडीच्या ज्या एका खुबीबद्दल तिचे जुने स्वार अजूनही भरभरून बोलतात, ती म्हणजे किक आणि गिअर यांचा एकच दांडा. गाडी चालू करताना हा दांडा आत दाबायचा, मागे फिरवायचा आणि लाथ मारायची. चालू झाली की तोच दांडा पुढे घ्यायचा आणि त्यानेच गिअर टाकायचे. आणखी एक सोय अशी की, दांडा दाबताच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे डाव्या हाताने दाबले नाही तरी चालते. मालकांनी ही सोय कशी वापरली ते ऐकण्याजोगे आहे. पावसाळ्यात कॅनांचा तोल जाऊ लागला की डावा हात मागे टाकून ते कॅन सावरीत आणि एका हाताने घाट उतरत! असे चालवणे कोणी करू नये. पण प्रागच्या आखणीगारात काढलेली ती रेघ वाईच्या घाटात कोणत्या कामी आली, हे कोणत्याही अभियंत्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मिस्त्रींनी काम सुरू केले. सिलेंडर चौथ्यांदा कातून घेतले आणि ६६चा पिस्टन बसवला. क्रँक दाबयंत्रावर उघडून नवा कनेक्टिंग रॉड व बेअरिंगे घातली. सायलेन्सरांत वर्षानुवर्षांची तेलकट काजळी बसली होती. इंजिन एकच असूनही या गाडीला सायलेन्सर दोन असतात, तेव्हा काजळीही दुप्पट. आतल्या जाळ्या भट्टीत तापवून ती जाळली. चाकांचे आरे एकेक करून आवळले, आणि गोल फिरणारी रिंग जराही डोलू नये म्हणून मिस्त्री तिच्याशेजारी खडू धरून तासभर बसून राहिले. सहा व्होल्टच्या डायनामोचे गुंडाळे नवे भरून आणावे लागले. सुट्या भागांसाठी मी दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडत असे. तेथे गंजलेल्या नळांच्या आणि तुटक्या शिलाईयंत्रांच्या ढिगातून एखादे अस्सल झाकण हाती लागले, की देवघरातली हरवलेली मूर्ती सापडल्यासारखे वाटे.

सर्वांत नाजूक काम ठिणगीची वेळ साधण्याचे. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या काही मिलिमीटर आधी पॉइंट उघडले पाहिजेत. त्याची फट ०.४ मिलिमीटर. पॉइंट नेमके कोणत्या क्षणी उघडतात हे डोळ्यांना दिसत नाही. मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटातला अगदी पातळ कागद दोन पॉइंटांमध्ये धरला आणि क्रँक हळूहळू फिरवला. कागद घट्ट धरला गेला आहे, घट्ट आहे, घट्ट आहे. आणि एका जागी तो अलगद सुटून बोटांत आला. "ही वेळ," मिस्त्री म्हणाले. या युक्तीला पैसा लागत नाही, वीज लागत नाही, फक्त बोटांना समज लागते. आणि ती समज कोणत्याही पुस्तकाबरोबर पोस्टाने येत नाही.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. त्याची कारणे सर्वांना दिसत होती. १९८० नंतरच्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने नव्या गाड्या आल्या. १९८५ साली हिरो होंडाची शंभरची गाडी आली आणि एका लिटर पेट्रोलमध्ये ती किती दूर जाते याच्याच गोष्टी घराघरांत सुरू झाल्या. जावा-येझदीच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑईलही जळते, लिटरला सुमारे चाळीस मिलिलिटर. त्याचा निळसर धूर शहरांच्या हवेला मानवणारा नव्हता, आणि १९९६ साली धुराचे नियमही कडक झाले. हे नियम आवश्यक होते, यात मला शंका नाही. जुन्याचे प्रेम म्हणून धुराला अत्तर म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न असा की, कारखाना बंद पडून इतकी वर्षे लोटली तरी या गाड्या चालतात कशा?

माझे उत्तर असे: कारखान्याने गाड्या बनवल्या, पण त्या जिवंत ठेवल्या त्या बोळाबोळांतल्या मिस्त्रींनी. आणि त्यांना ते जमले, कारण गाडी आखणाऱ्यांनी ती उघडता येईल अशी आखली होती. चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक हातोडी एवढ्या सामग्रीवर तिचे पोट उघडते. झिजलेले सिलेंडर फेकायचे नसते, कातायचे असते. मंदीत आणि पारतंत्र्यात ज्या अभियंत्यांनी गरीब गिऱ्हाइकाचा विचार केला, त्यांनी नकळत हा दुरुस्तीचा हक्क त्याच्या हाती दिला. स्वस्त वस्तू दोन प्रकारची असते: बिघडली की फेकावी लागते ती एक, आणि बिघडली की गावातच नीट होते ती दुसरी. पहिली घेताना स्वस्त पडते. दुसरी आयुष्यभर स्वस्त पडते.

२०१८ साली जावा हे नाव आपल्या बाजारात पुन्हा आले आणि २०२२ साली येझदीही आली. ही इंजिने नव्या घाटाची आहेत, धुराचे आजचे नियम पाळणारी आहेत. त्यांना माझ्या शुभेच्छा आहेत. पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी देशातल्या अनेक शहरांत जुन्या जावा-येझदींचे जे मेळे भरतात, तेथे वयाने साठीच्या झालेल्या गाड्या स्वतःच्या चाकांवर येतात. त्यांच्यामागे कारखाना नाही, हमीपत्र नाही. एकेक मिस्त्री आहे.

रंगाची वेळ आली तेव्हा खरा वाद झाला. रंगारी म्हणाला, टाकीवरचे पोचे लांबी भरून गुळगुळीत करू, दुधाची चौकट काढून टाकू, गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसेल. जुन्या गाड्यांचे काही जाणकार मित्रही याच मताचे. त्यांचा मुद्दा फुकाचा नव्हता. म्हैसूरहून निघाली तेव्हा गाडीला चौकट नव्हती. मूळ रूप राखायचे तर उपरा भाग गेलाच पाहिजे. देवळावरचा ऑईलपेंट खरवडून आपण खालचा काळा दगड उघडा करतो, तसेच हे. मी बरेच दिवस विचार केला. मूळ रूप म्हणजे कोणते? १९६६ साली दुकानात उभी असलेली गाडी काही आठवडे तशी होती. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे ती दुधाची गाडी होती. काही आठवड्यांचे खरे आणि तीस वर्षांचे खोटे, असा न्याय कोणत्या इतिहासाने करावा? मी गंज काढला, पत्रा तांबड्या रंगाने झाकला, टाकीवरचे पोचे तसेच ठेवले. चौकट काढून साफ केली आणि पुन्हा त्याच बोल्टांनी बसवली. रंगारी नाराज झाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. फक्त बोल्टांखाली नव्या वायसरी घातल्या.

हाच वाद काही वर्षांनी कायद्याच्या रूपाने पुन्हा पुढे आला. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचा नियम केला. गाडी मूळ रूपात असावी, तिच्या सांगाड्यात व इंजिनात मोठा बदल नसावा. अशा गाडीला वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, म्हणजे माझ्या गाडीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक. सरकारने जुन्या यंत्रांना वारसा मानले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याच नियमात असेही आहे की, या नोंदणीची गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मेळा, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती फिरवायची. संस्थानिकाच्या मोटारीला हे शोभते. दूधवाल्याच्या फटफटीला सन्मान मिळणार, पण काम मिळणार नाही! मालकांची अट मला तेव्हा आठवली. मी तो मार्ग घेतला नाही. दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला नेतो, साध्या नोंदणीचे नूतनीकरण करतो आणि आठवड्यातून दोनदा तिच्यावरून भाजी आणतो.

खर्च म्हणाल तर गाडीला नऊ हजार आणि दुरुस्तीला एकतीस हजार लागले. वेळ चौदा महिने. व्यवहार म्हणून हा सौदा कोणालाही पटवता येणार नाही. शिवाय देखभाल चालूच असते. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबराला पोखरते. म्हणून नळ्या बदलाव्या लागल्या, आणि महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते. पण गाडी चालते. पहिल्या खेपेला तिने धुराचा एक मोठा ढग सोडला, दोनदा खोकली आणि मग संथ लयीत बोलू लागली. तो आवाज मी फोनवरून मूळ मालकांना ऐकवला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग म्हणाले, "दुसऱ्या गिअरला जरा दम धरा. पयल्यापास्नं खोड हाय तिची." ही खोड नोंदणीपुस्तकात नव्हती, ती सांगणारा माणूस होता म्हणून कळली.

मिस्त्रींच्या हाताखाली आता पोऱ्या नाही. मुले शिकली, चांगल्या नोकऱ्यांना लागली. त्यात खेद करण्यासारखे काही नाही. परंतु कागद कोणत्या क्षणी सुटतो ही समज त्यांच्या बोटांत आहे आणि तेवढ्यातच आहे. मी एक दोनशे पानी वही घातली आहे. त्यांनी सांगितलेली मापे, आवाजांवरून ओळखायचे दोष, कोणता भाग कोणत्या गाडीचा चालतो, हे सारे तिच्यात उतरवीत असतो. मिस्त्री हसतात आणि म्हणतात, "साहेब, हे लिहून येत नाही." त्यांचे खरे आहे. तरी लिहिलेले असले तर पुढच्या कोणाला निदान कोठून सुरुवात करायची ते कळेल.

वाचकहो, यंदा माळा उतरवताना एखादे बंद पडलेले यंत्र हाती आले, तर ते ठेवायचे की टाकायचे याचा निवाडा आपल्याच घरात होऊ द्या. त्यात मी पडत नाही. एवढेच सुचवतो की, ते भंगारवाल्याच्या तराजूत पडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याबद्दल दोन प्रश्न विचारा: हे किती वेळा दुरुस्त झाले, आणि कोणी केले? उत्तर मिळाले तर ते लिहून ठेवा. यंत्र गेले तरी बखर उरेल. आणि कोणी सांगावे, बखर वाचून कोणाला तरी पाना उचलावासा वाटेल.